जुन्या कॅमेऱ्याचा सेल कोण खातो?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पाऊल टाकताच महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशाची नजर प्रथम वर जाते. राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण करविलेले ते ग्रॅनाइटचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. मान मागे टाकल्यावाचून ते दिसतच नाही. परंतु त्याच्या मनाला खरा चटका लावणारी वस्तू खाली, प्राकाराच्या नैऋत्येकडील भिंतीवर असते. तेथे दगडात ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत, आणि त्या मराठी आहेत! तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये आपल्या कुळाचा इतिहास या भिंतीवर कोरवून ठेवला. घरापासून इतक्या दूर आलेल्या माणसाला आपली भाषा अशी दगडात भेटली म्हणजे हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो.

वाचकहो, क्षणभर अशी कल्पना करा की, तो प्रवासी आपणच आहात आणि आपल्या गळ्यात वडिलांचा जुना, फिल्मवर चालणारा कॅमेरा आहे. याच कॅमेऱ्याने आपले बारसे टिपले, बहिणीचे लग्न टिपले, आजीचा अखेरचा फोटोही त्यानेच घेतला. आपण तो डोळ्याला लावता, आणि पाहता तो काय? प्रकाश दाखविणारी आतली सुई जागची हलत नाही. महिन्यापूर्वीच तर नवा सेल घातला होता! त्याच्या आधीचाही असाच महिनाभरात संपला होता. मग कोणीतरी सहज म्हणते, “जुना झाला तो आता. द्या टाकून.”

देशातील कितीतरी घरांत असे कॅमेरे याच एका शेऱ्यामुळे कपाटात पडून आहेत, नाहीतर भंगारात गेले आहेत. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळांना काहीही झालेले नसते. जो दोष आहे तोही बहुधा थोड्या विचाराने सापडण्याजोगा आणि थोड्या खर्चाने जाण्याजोगा असतो. तो कसा शोधावा, हे आज आपण पाहू.

आधी धीर, मग दुरुस्ती

पहिली गोष्ट ही की, सुई थांबली म्हणून कॅमेरा थांबला असे नव्हे. पेंटॅक्स के-१०००, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, मिनोल्टा एसआरटी-१०१ अशा कॅमेऱ्यांचे शटर केवळ स्प्रिंगा आणि दंतचक्रे यांवर चालते. सेल असतो तो फक्त प्रकाशमापकासाठी. सेल काढून टाकला तरी फोटो निघतो. यशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या काही कॅमेऱ्यांचे शटरच विजेवर नियंत्रित होते. त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून आपला कॅमेरा कोणत्या जातीचा आहे, हे प्रथम जाणून घ्यावे.

मंदिरात उभे असताना सेल संपलाच, तर छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा उपयोगी पडतो. लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाइतका घ्यावा. फिल्म १०० ची असेल तर सेकंदाचा १/१२५ भाग पुरे. किंचित ढग आले तर छिद्र ११, आभाळ भरून आले तर ८, आणि वर आकाश मोकळे असून वस्तू सावलीत असेल तर ४. शिलालेखाची भिंत सावलीत असली तर हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. रंगीत निगेटिव्ह फिल्मला थोडा अधिक प्रकाश मिळाला तरी ती सहसा तो सोसते. कमी मिळालेला मात्र तिला सोसत नाही.

हा आडाखा कोणाला अपुरा वाटला तर त्याने याच मंदिराचा इतिहास आठवावा. १८५८ मध्ये मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप येथे आले होते. विमानाच्या जोत्यावर सभोवार चोळकालीन लेख कोरलेले आहेत. त्यांची त्यांनी क्रमाने छायाचित्रे घेतली आणि २१ छायाचित्रे एकापुढे एक जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. त्या काळी प्रकाशमापक नव्हता, सेल नव्हता. होता तो अनुभवाने तयार झालेला डोळा. प्रकाशमापक हा आपला मदतनीस आहे, मालक नव्हे, हे ध्यानी ठेवले की दुरुस्तीचे काम शांत चित्ताने करता येते.

उजेडाने उघडणारा नळ

आता रोगाकडे वळू. जुन्या कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला सेलेनियमचा. ऑलिंपस ट्रिप ३५ या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे जे कडे असते, त्यामागे सेलेनियम असते. प्रकाश पडला की ते स्वतःच वीज निर्माण करते. त्याला सेल लागतच नाही. तेव्हा सेल संपण्याचा प्रश्नही नाही.

दुसरा प्रकार कॅडमियम सल्फाइडचा. १९६० नंतरच्या दोन दशकांतील बहुतेक कॅमेऱ्यांत तोच आढळतो. हा पदार्थ वीज निर्माण करीत नाही. तो विजेला वाट देतो किंवा अडवितो. उजेडात त्याचा रोध फार कमी होतो, अंधारात तो शेकडो-हजारो पटींनी वाढतो. घरातील पाण्याच्या नळाची उपमा द्यावयाची तर हा नळ हाताने नव्हे, उजेडाने उघडतो. सेल ही पाण्याची टाकी. जितका उजेड अधिक, तितका नळ अधिक उघडा. आणि वाहत्या धारेच्या जोरावर सुई वर सरकते.

येथेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. उजेडात सेल खर्च होणे हा दोष नव्हे, ते प्रकाशमापकाचे कामच आहे. दोष तेव्हा म्हणावा, जेव्हा अंधारातही धार वाहत राहते.

मिनोल्टा एसआरटी-१०१ च्या तळाशी हा प्रवाह तोडण्यासाठी एक बटण आहे. परंतु १९७६ ते १९९७ अशी दोन दशके तयार होत राहिलेल्या आणि असंख्य विद्यार्थ्यांनी ज्यावर हात बसविला त्या पेंटॅक्स के-१००० मध्ये असे बटणच नाही! भिंगावरचे झाकण, ज्याला आपण कॅप म्हणतो, तेच त्याचे बटण. झाकण लावले की आत अंधार होतो आणि प्रवाह नाममात्र उरतो. ज्याला हे ठाऊक नाही तो मनुष्य कॅमेरा शोभेसाठी काचेच्या कपाटात, झाकणावाचून, खिडकीसमोर ठेवतो आणि दर काही महिन्यांनी नवा सेल आणतो.

यातही एक खोच आहे. अशा कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे घटक आपण जेथे डोळा लावतो त्या खिडकीच्या शेजारीच बसविलेले असतात. म्हणून समोरचे झाकण लावले तरी मागच्या खिडकीतून उजेड आत शिरतो आणि नळ थोडा उघडाच राहतो. तेव्हा झाकण लावून कॅमेरा उघड्यावर ठेवू नये. तो चामडी खोळीत, पिशवीत किंवा बंद कपाटात ठेवावा. एवढ्या एका सवयीने अनेक कॅमेऱ्यांचा “आजार” कायमचा जातो.

थोडा हिशेब

हा खर्च केवढा असतो, ते आकड्यांनी पाहू. बाजारात मिळणाऱ्या एलआर-४४ किंवा एसआर-४४ या बटणासारख्या सेलात, सोयीसाठी, १५० मिलिअँपिअर-तास इतका साठा आहे असे धरू. समजा, उजेडात आपला प्रकाशमापक १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका मिलिअँपिअरचा दहावा भाग, प्रवाह घेतो. तर सेल अखंड १,५०० तास पुरेल. म्हणजे सुमारे ६२ दिवस. कॅमेरा रोज बारा तास उजेडात उघडा राहिला तर चार महिने. हाच प्रवाह अंधारात एका मायक्रोअँपिअरवर आला तर हिशेबाने तो १७ वर्षे पुरेल. अर्थात त्यापूर्वी सेल आपल्या वयानेच मरेल. उलट, आत कोठे गळती होऊन एक मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहू लागला तर तोच सेल सव्वासहा दिवसांत रिकामा होईल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सेल तीन-चार महिन्यांनी संपत असेल तर बहुधा आपली सवय बदलावी लागेल. अंधारात ठेवूनही आठवड्याभरात संपत असेल तर कॅमेरा उघडावा लागेल.

आधी रुग्णपत्रिका

ज्या सरफोजी राजांनी तो शिलालेख कोरविला, त्यांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रचिकित्सेची मोठी आवड होती. त्यांच्या धन्वंतरी महालात तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या लेखी नोंदी, रोगी डोळ्यांच्या चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत. डोळ्याला हात लावण्यापूर्वी त्याची अवस्था लिहून ठेवावी, ही ती शिस्त. कॅमेऱ्याच्या डोळ्यालाही तीच लागू आहे. पेचकस हातात घेण्याआधी एक कागद घ्यावा.

यासाठी विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. मात्र त्यावर मायक्रोअँपिअर मोजण्याची सोय असावी. सेल कॅमेऱ्याबाहेर काढा. त्याची एक बाजू वायरच्या तुकड्याने सेलच्या खाचेतील पट्टीला जोडा. दुसरी बाजू आणि कॅमेऱ्यातील दुसरा संपर्क यांच्यामध्ये मल्टिमीटर येऊ द्या. हा दुसरा संपर्क बहुधा झाकणाच्या आट्यांतून, म्हणजे कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगातूनच मिळतो. सेलची अधिक-उणे बाजू खाचेजवळील खूण पाहूनच ठरवा; सर्व कॅमेऱ्यांत ती सारखी नसते. एक काळजी अवश्य घ्यावी: प्रवाह मोजण्याच्या खुणेवर असलेला मल्टिमीटर सेलच्या दोन्ही टोकांना थेट कधीही लावू नये. त्याने सेल क्षणात उतरतो आणि मल्टिमीटरचा फ्यूजही जाऊ शकतो.

आता तीन नोंदी करा. पहिली, भिंग उघडे व खिडकीकडे रोखलेले असताना. दुसरी, झाकण लावून आणि मागची खिडकी काळ्या कापडाने झाकून. कॅडमियम सल्फाइडला उजेडाचा विसर पडायला थोडा वेळ लागतो, म्हणून ही नोंद पाच-दहा मिनिटे थांबून घ्यावी. तिसरी, बटण असल्यास ते बंद करून.

पहिला आकडा मोठा आणि दुसरा अगदी लहान आला तर कॅमेरा निरोगी आहे. बटण बंद केल्यावरही प्रवाह वाहत असेल तर बटणाच्या आतील पट्ट्या वाकल्या असाव्यात किंवा मळाने एकमेकींशी जोडल्या गेल्या असाव्यात. आणि उजेड असो वा अंधार, आकडा सारखाच मोठा राहत असेल, तर वीज प्रकाशमापकाला वळसा घालून तिसऱ्याच वाटेने जात आहे असे समजावे.

ज्यांच्याजवळ मल्टिमीटर नाही त्यांनी नवा सेल घालून, झाकण लावून, कॅमेरा पंधरा दिवस बंद कपाटात ठेवावा. पंधरा दिवसांनंतर सुई पूर्वीसारखी उत्साहाने वर आली तर दोष आपल्या ठेवण्यात होता. निपचित पडून राहिली तर दोष आत आहे.

चोरवाट बुजविण्याचा उपाय

ही तिसरी वाट बहुधा सेलच्या खाचेतच असते. जुना अल्कलाइन सेल वर्षानुवर्षे आत राहिला की पाझरतो. आतील क्षार पट्टीवर आणि तिच्याखालील चकतीवर पसरतो, आणि पांढरा किंवा हिरवट थर जमतो. हवा दमट असली की हा थर ओल धरतो आणि वीज त्यावरून वाहू लागते. तंजावर कावेरीच्या खोऱ्यात आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात जे घडते ते तेथे कार्तिकात घडते. उन्हाळ्यात बरा असलेला कॅमेरा पावसाळ्यात सेल खाऊ लागला तर प्रथम या ओलसर थराचा संशय घ्यावा.

सफाई अशी करावी. सेल काढून ठेवावा. हातांत रबरी मोजे असावेत, कारण हा क्षार कातडीला व डोळ्यांना अपाय करतो. काडीला कापूस गुंडाळून तो व्हिनेगरमध्ये किंचित बुडवावा, चांगला पिळावा आणि थरावर हळूहळू फिरवावा. क्षाराला आम्ल मारते. थेंब आत ओघळू देऊ नये; कॅमेरा उपडा न धरता खाच खालच्या बाजूस येईल असा धरल्यास बरे. थर निघाला की दुसरा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून व्हिनेगरचा अंश पुसून काढावा. मग झाकण न लावता एक दिवस कोरड्या हवेत राहू द्यावे. पट्टी काळवंडली असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासून चकचकीत करावी. तेल मात्र कोठेही घालू नये. ते शटरपर्यंत उतरते आणि एका दुखण्याची दोन होतात.

क्षार कधीकधी तांब्याच्या तारेच्या आतून चढत जातो. खाचेतील तार हिरवी व ठिसूळ झाली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो. बटणाच्या पट्ट्या सरळ करणे किंवा प्रकाशमापकाचा घटक बदलणे हेही जाणत्या हाताचे काम आहे. कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर जवळ नसेल तर तारेचा डाग एखादा कुशल घड्याळजीही देऊ शकेल. त्याच्यापुढे आपल्या तीन नोंदींचा कागद ठेवावा. त्याचा निम्मा वेळ आणि आपला निम्मा खर्च वाचेल.

कोणता सेल घालावा?

कित्येकदा कॅमेरा निर्दोष असतो आणि सेलच चुकीचा असतो. जुन्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनविलेले होते. तो सेल अखेरपर्यंत जवळजवळ एकाच दाबाने वीज देई. परंतु पारा हे विष आहे. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ पासून उघडकीस आलेल्या विषबाधेने ते जगाला शिकविले. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अंमलात आला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे सेल आता इतिहासजमा झाले आहेत.

त्यांच्या जागी तीन पर्याय उरतात. अल्कलाइन सेल स्वस्त असतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो, आणि काही कॅमेऱ्यांत त्याबरोबर सुईही चुकीचे सांगू लागते. सिल्व्हर ऑक्साइडचा, म्हणजे एसआर-४४ जातीचा सेल थोडा महाग, पण १.५५ व्होल्टवर स्थिर राहतो. के-१००० सारख्या १.५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला तो सर्वांत चांगला. तिसरा, कर्णयंत्रात वापरतात तो हवेवर चालणारा झिंकचा सेल. त्याचा दाब पाऱ्याच्या सेलच्या जवळचा असतो. परंतु वरची चिकटपट्टी काढली की तो कॅमेरा वापरा वा न वापरा, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप संपतो. हे न जाणल्यामुळे कित्येक निरपराध कॅमेऱ्यांवर सेल खाल्ल्याचा आळ आला आहे!

कुटुंबातील वडीलधाऱ्यांना येथे एक गंभीर सूचना करणे भाग आहे. हे बटणासारखे सेल लहान मुले सहज तोंडात घालतात. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतच आतून भाजल्यासारखी भयंकर इजा होते. नवे-जुने सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. जुन्या कॅमेऱ्यात पाऱ्याचा सेल सापडल्यास तो फोडू नये, चुलीत किंवा केरात टाकू नये. इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

पुन्हा त्या भिंतीपाशी

एवढे केल्यावर रोजची निगा अगदी थोडी उरते. फोटो घेऊन झाला की झाकण लावावे. कॅमेरा खोळीत ठेवावा. महिन्याहून अधिक काळ वापरणार नसाल तर सेल काढून कागदात गुंडाळून निराळा ठेवावा. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. त्याने भिंगावर बुरशीही धरत नाही. आणि सेल कोणत्या तारखेला घातला, ते खोळीच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पुढच्या वेळी “महिन्यापूर्वीच तर घातला होता” असे अंदाजाने म्हणावे लागणार नाही.

मग एखाद्या सुटीत मुलांना घेऊन तंजावरला जावे. सरफोजींचे वंशवृत्त ज्या भिंतीवर आहे तिच्यापुढे उभे राहून मुलाच्या हाती आजोबांचा कॅमेरा द्यावा, आणि झाकण काढल्यावर सुई कशी उठते ते त्याला पाहू द्यावे. दोन शतकांपूर्वी एका राजाने आपल्या घराण्याची आठवण दगडाच्या स्वाधीन केली. आपल्यासारख्यांना दगड परवडत नाही. आपल्या घरची आठवण फोटोंच्या आणि ते घेणाऱ्या वस्तूंच्या आधारानेच टिकते. त्यांपैकी एखादी केवळ एका सेलपायी भंगारात जाऊ नये, एवढी काळजी आपण खचित घेऊ शकतो.